झाकण लावलं, पण यंत्र झोपलं का?

इंदूरहून खंडवा, बऱ्हाणपूर करत येणारा रस्ता महाराष्ट्रात शिरण्याआधी इच्छापूरला पोचतो. टेकडीवर इच्छादेवीचं मंदिर, आजूबाजूला केळीच्या बागा, आणि पुढे थोडं गेलं की मुक्ताईनगर. अशा सीमेवरच्या गावात लॅपटॉप बहुधा जुनाच येतो. शहरात शिकायला गेलेल्या मुलाने वापरून घरी दिलेला असतो, नाहीतर तालुक्याच्या दुकानातून सेकंडहँड घेतलेला. त्यावरचं विंडोज रखडायला लागतं, मग कुणीतरी उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून देतं आणि यंत्र पुन्हा पळायला लागतं. पंधरा दिवस सगळे खूश असतात.

मग तक्रारी सुरू होतात. रात्री ऐंशी टक्के चार्जिंग असताना झाकण लावून ठेवला आणि सकाळी बटण दाबलं तर ढिम्म. बॅगेत घालून बऱ्हाणपूरला नेला, उतरल्यावर हात लावला तर इस्त्रीसारखा तापलेला. झाकण उघडलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. किंवा साधंच काहीतरी, म्हणजे आधी तीन तास चालायचा, आता दीड तासात माना टाकतो. यावर सगळीकडे एकच निदान ठरलेलं आहे, ते म्हणजे बॅटरी गेली. दोन-तीन हजार रुपये खर्च करून नवी बॅटरी बसते, आणि पुन्हा रात्री ऐंशी, सकाळी शून्य.

या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. पैसे खर्च करण्याआधी यंत्रालाच विचारा. लिनक्स आपल्या झोपेची, जागेपणाची आणि बॅटरीची नोंद सतत ठेवत असतं आणि ती कुणापासून लपवत नाही. ही माहिती तुमच्याच डिस्कवर असते, ती वाचायला इंटरनेट लागत नाही, आणि जिथे दिवसातून दोनदा लाईट जाते तिथे तर ती वाचता येणं हे फार मोलाचं कौशल्य आहे.

आधी हे समजून घेऊ, की झाकण लावल्यावर नेमकं कोण कुणाला हुकूम देतं. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम नावाची पद्धत आणली. तीत झोपवण्याचं काम मुख्यतः बायोस करायचं आणि ऑपरेटिंग सिस्टिमला त्यातलं फारसं कळायचं नाही. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय ही नवी पद्धत प्रसिद्ध केली आणि सूत्रं ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती आली. पण अर्धीच. कारण कोणत्या मॉडेलमध्ये पंखा कसा थांबवायचा, झाकणाचा संदेश कुठून येतो, बॅटरी किती भरली हे कसं वाचायचं, ही माहिती लॅपटॉप बनवणारी कंपनी फर्मवेअरमधल्या, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या, तक्त्यांत भरते. त्या तक्त्यांत नुसती आकडेवारी नसते, छोटे छोटे प्रोग्राम असतात, आणि ते लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, जसेच्या तसे चालवावे लागतात.

दुखण्याचं मूळ इथे आहे. कंपनी तो प्रोग्राम लिहिते आणि तिच्या कारखान्यात तो बहुतेक वेळा विंडोजवरच तपासला जातो. तो प्रोग्राम सुरू होताना समोरच्या सिस्टिमला विचारतो, तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का? लिनक्स या प्रश्नाला ‘हो’ म्हणतं. ही फसवणूक नाही, नाइलाज आहे. नाही म्हटलं तर फर्मवेअर अशा वाटेने जातं जी कुणीच कधी चालून पाहिलेली नसते. एके काळी काही फर्मवेअर ‘तू लिनक्स आहेस का’ असंही विचारायची आणि होकार मिळाला की भलतंच काही करायची. शेवटी २००७ मध्ये, २.६.२३ या कर्नलपासून, लिनक्सने आपल्याच नावाला ओ देणं बंद केलं. म्हणून फर्मवेअरचं अपडेट हा या सगळ्यातला पहिला आणि स्वस्त उपाय आहे. बरेचदा तेवढ्यावरच काम होतं.

आता झोपेचे प्रकार. जुन्या लॅपटॉपमध्ये एस-३ ही झोप असते. तीत प्रोसेसरची वीज तोडली जाते, फक्त मेमरीला जगण्यापुरती वीज मिळत राहते. नव्या लॅपटॉपमध्ये, विशेषतः विंडोजने मोबाइलसारखी ‘झोपेतही जागं’ राहण्याची कल्पना रुजवल्यापासून, एस-३ काढूनच टाकलेली असते. तिच्या जागी जी झोप येते तिला लिनक्स एस-टू-आयडल म्हणतं. या झोपेत वीज कुणी तोडत नाही. प्रत्येक भाग आपापल्या परीने शांत होईल आणि सगळे शांत झाले की प्रोसेसर खोल उतरेल, अशी अपेक्षा असते. एकजण जरी चुळबुळ करत राहिला तरी सगळं घर जागं राहतं.

तुमच्या लॅपटॉपमध्ये कोणती झोप आहे ते पाहायचं तर टर्मिनल उघडा. ‘सिस’ या फोल्डरात ‘पॉवर’ नावाचं फोल्डर आहे, त्यात ‘मेम-स्लीप’ नावाची फाइल. ती ‘कॅट’ या आज्ञेने वाचा. एकच ओळ दिसेल. तीत ‘एस-टू-आयडल’ आणि बहुधा ‘डीप’ असे शब्द असतील आणि त्यांतला एक चौकोनी कंसात असेल. कंसातला शब्द म्हणजे सध्या वापरात असलेली झोप; ‘डीप’ म्हणजे जुनी, खरी एस-३. दोन्ही शब्द असून कंस चुकीच्या शब्दाला असेल, तर बूट होताना कर्नलला द्यायच्या पर्यायांत ‘मेम-स्लीप-डिफॉल्ट’ची किंमत ‘डीप’ करून पाहायची. कित्येक घरांतली सकाळची तक्रार एवढ्या एका बदलाने संपलेली आहे. ‘डीप’ शब्दच नसेल तर बायोसच्या मेनूत शोधा. लेनोव्होच्या २०१८ च्या थिंकपॅड एक्स-वन कार्बनमध्ये आधी एस-३ नव्हतीच. वापरणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा फर्मवेअर अपडेटमधून ‘स्लीप स्टेट’ हा पर्याय आला आणि त्यात ‘लिनक्स’ निवडता येऊ लागलं. तिथेही काही नसेल, तर फर्मवेअरचे तक्ते स्वतः उकलून बदलण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा आहे त्या झोपेत कोण चुळबुळ करतंय ते शोधणं जास्त फलदायी.

त्यासाठी रात्रीची नोंद वाचायची. ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा यंत्राची रोजनिशी उघडते. तीत ‘सस्पेंड एन्ट्री’ आणि ‘सस्पेंड एग्झिट’ हे शब्द शोधा. रात्री ११ वाजता एन्ट्री आणि सकाळी ६ वाजता एग्झिट, मधे काही नाही, असं दिसलं तर सिस्टिमने आपलं काम केलं आहे. एन्ट्रीच नसेल तर झाकणाचा संदेश पोचलाच नाही किंवा कुणीतरी झोपेला हरकत घेतली. ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ला यादी मागितली की हरकत घेणाऱ्यांची नावं मिळतात. कधी अर्धवट राहिलेलं अपडेट असतं, कधी गाणी वाजवणारा प्लेअर. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर झाकण लावल्यावर झोपायचं नाही, हा तर सिस्टिमडीचा, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा, ठरलेला नियम आहे. शाळेत प्रोजेक्टर जोडून धडा दाखवला, झाकण लावलं, मग वायर काढली आणि लॅपटॉप बॅगेत टाकला, की तो तापू शकतो. आधी वायर, मग झाकण, हा क्रम पाळायचा. आणि एन्ट्री-एग्झिट, एन्ट्री-एग्झिट अशी रात्रभर जोडी चाललेली दिसली, तर कुणीतरी सारखं उठवतंय. ‘प्रॉक’मधल्या एसीपीआय फोल्डरात ‘वेकअप’ नावाची फाइल आहे. यंत्राला उठवण्याची परवानगी कुणाकुणाला आहे त्याची ती यादी. यूएसबी माऊसचा वायरलेस तुकडा लावून ठेवला असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. टेबल हललं तरी तो उठवतो.

नोंद स्वच्छ आहे, तरी बॅटरी उतरते, असंही होतं. तेव्हा गणित करायचं. समजा बॅटरी ५० वॉट-तासांची आहे. नीट झोपलेला लॅपटॉप अर्धा वॉट खात असेल तर आठ तासांत ४ वॉट-तास, म्हणजे ८ टक्के जातील. ते ठीक. पण आठ तासांत ८० टक्के गेले असतील तर खप ५ वॉटचा झाला, आणि ५ वॉट हा झोपलेल्या नव्हे, निवांत जाग्या असलेल्या लॅपटॉपचा खप आहे. सिस्टिमला वाटतं आपण झोपलो, हार्डवेअर मात्र जागंच. २०२३ मध्ये आलेल्या ६.४ या कर्नलपासून ‘सस्पेंड-स्टॅट्स’ फोल्डरात ‘लास्ट-एचडब्ल्यू-स्लीप’ ही फाइल मिळते. पाठिंबा असलेल्या इंटेल आणि एएमडीच्या यंत्रांवर मागच्या झोपेत हार्डवेअर खरोखर किती मायक्रोसेकंद खोल उतरलं ते ती सांगते. तिथे शून्य दिसलं तर गुन्हेगार एखादा भाग आहे. एनव्हीएमई डिस्क, वेगळी ग्राफिक्स चिप किंवा यूएसबीला चिकटलेलं काहीतरी. एकेक भाग काढत किंवा बंद करत पुन्हा मोजायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते केल्याशिवाय उत्तर सापडत नाही.

झोप ही नुसती सॉफ्टवेअरमध्ये एखादी सेटिंग बदलून येणारी गोष्ट नाही, ती बऱ्याच अंशी हार्डवेअर आखतानाच ठरते. याचं सर्वांत बोलकं उदाहरण महाराष्ट्रातच घडलं. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावात २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. एक शिक्षक, मराठी माध्यम, विसेक मुलं, आणि प्रत्येकाच्या हातात हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप. त्यावर फेडोरा लिनक्सची खास तयार केलेली आवृत्ती होती. लोकांच्या लक्षात राहिली ती या लॅपटॉपची स्वस्ताई आणि त्याचे सशाच्या कानांसारखे अँटेना. माझ्या मते त्यातली खरी कमाल विजेच्या आखणीत होती.

या यंत्राचा प्रोसेसर एएमडीचा जीओड, ४३३ मेगाहर्ट्झचा. मेमरी २५६ मेगाबाइट. फिरणारी डिस्क नाही, पंखाही नाही. मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला पडदा भर उन्हात, मागचा दिवा बंद असतानाही, कृष्णधवल वाचता यायचा. आणि त्या पडद्यासाठी एक वेगळी छोटी चिप बसवली होती, डीकॉन नावाची. प्रोसेसर झोपला तरी पडद्यावरचं शेवटचं चित्र ही चिप एकटी धरून ठेवायची. मूल धडा वाचत असताना पान बदलेपर्यंत प्रोसेसरची गरजच काय? तेवढ्यात त्याला झोपवायचं, बटण दाबलं की उठवायचं, अशी ती आखणी होती. वाय-फायच्या चिपलाही स्वतःचा प्रोसेसर होता, त्यामुळे लॅपटॉप झोपलेला असतानाही ती शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपचे संदेश पुढे पाठवू शकायची. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, उष्णता सहन करणारी आणि साध्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त वेळा चार्ज होणारी.

एवढं सगळं हाताशी असूनही लिनक्सला त्या वेगाने उठायला शिकवणं सोपं गेलं नाही. कागदावर अपेक्षा डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात उठण्याची होती, पण प्रत्येक ड्रायव्हरला, विशेषतः यूएसबीवर बसलेल्या वाय-फायला, पुन्हा भानावर यायला वेळ लागायचा. २००८ च्या ८.२ आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमध्ये विजेचे दोन पर्याय होते, एक आपोआप झोपवणारा आणि दुसरा टोकाची बचत करणारा. दुसऱ्यात वाय-फाय पूर्ण बंद व्हायचं. प्रकल्प पुढे भारतात फोफावला नाही. पण त्या वर्षांत लिनक्सच्या झोपेवर झालेली मेहनत कर्नलच्या कामाचाच भाग होती, आणि आज तुमच्या घरी झोपणारा लॅपटॉप त्याच वाटेने आलेला आहे.

खैराटचा प्रयोग झाला त्याच २००७ साली आणखी दोन गोष्टी घडल्या. त्याआधी लिनक्स काहीही काम नसताना सेकंदाला शेकडो वेळा प्रोसेसरला टोचून उठवायचं, नुसतं घड्याळ पुढे ढकलण्यासाठी. २.६.२१ या कर्नलने ही सवय मोडली. आणि इंटेलच्या अभियंत्यांनी पॉवरटॉप नावाचं साधन खुलं केलं. लॅपटॉप जागा असताना वीज कोण खातंय हे शोधायचं तर अजूनही पहिलं नाव त्याचंच. चार्जर काढून ते चालवा, चालू खप वॉटमध्ये दिसेल, आणि खाली कोणता प्रोग्राम सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतोय त्याची उतरती यादी. ब्राउझरमध्ये उघडी विसरलेली एखादी खिडकी वर बसलेली दिसली तर नवल नाही. साध्या लॅपटॉपवर पडद्याचा उजेड मध्यम ठेवून, काही न करता, ५ ते ८ वॉट हा खप समाधानकारक मानावा. १५-२० दिसले तर शोध घ्यायलाच हवा. बरेचदा एनव्हिडियाची दुसरी ग्राफिक्स चिप काही काम नसताना जागी असते. ती बायोसमधून किंवा ड्रायव्हरच्या सेटिंगमधून झोपवता आली की खप एकदम खाली येतो. व्हिडिओ पाहताना खप उडत असेल, तर ब्राउझर ते काम ग्राफिक्स चिपकडे न देता प्रोसेसरकडून करून घेतोय का ते तपासावं.

कधी दोष खरोखर कर्नलचाही असतो. २०११ मध्ये २.६.३८ आल्यावर कितीतरी लॅपटॉपांची बॅटरी अचानक लवकर उतरू लागली. भागाभागांना जोडणाऱ्या पीसीआय-एक्स्प्रेस वाहिन्यांना रिकाम्या वेळी मंदावण्याची जी सोय असते, ती कर्नल बंद करत होतं. कारण काही बायोस ‘ही सोय आमच्याकडे नाही’ असं सांगायची आणि तरीही ती चालू करून ठेवायची. कर्नल त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवून ती बंद करायचं. कर्नलवर काम करणारे मॅथ्यू गॅरेट यांनी विंडोज अशा वेळी काय करतं ते शोधलं. विंडोज काहीच करत नव्हतं, बायोसने जे करून ठेवलंय ते तसंच राहू देत होतं. तीच रीत लिनक्समध्ये आली आणि ३.३ या कर्नलमध्ये प्रश्न मिटला. म्हणून एखाद्या अपडेटनंतर खप वाढला असेल, तर बूट मेनूतून आधीच्या कर्नलने सुरू करून तीच मोजणी पुन्हा करा. फरक दिसला तर तुमच्याकडे पुरावा आला.

साधनांबद्दल एक कळकळीचं सांगणं. टीएलपी, पॉवर-प्रोफाइल्स-डेमन आणि ट्यून्ड ही विजेचा खप सांभाळणारी तिन्ही साधनं चांगली आहेत, पण तिघांचा हात एकाच सेटिंगवर असतो. एकाने खाली आणलेला वेग दुसरा वर नेतो. यांतलं कोणतं तरी एकच ठेवा. जुन्या लॅपटॉपवर मी टीएलपी निवडेन, नव्यावर डेस्कटॉपबरोबर आलेलं तसंच राहू देईन. पॉवरटॉपची ‘ऑटो-ट्यून’ आज्ञा मात्र सरसकट लावू नये. ती यूएसबीच्या प्रत्येक उपकरणाला झोपवते आणि मग माऊस क्षणभर अडखळत राहतो.

आता बॅटरी. ती खरोखर गेली आहे का, हेही यंत्रच सांगतं. ‘सिस’मध्ये ‘क्लास’, त्यात ‘पॉवर-सप्लाय’, त्यात ‘बॅट-झिरो’ किंवा ‘बॅट-वन’ नावाचं फोल्डर. तिथल्या ‘एनर्जी-फुल-डिझाइन’मध्ये कारखान्यातून निघतानाची क्षमता असते आणि ‘एनर्जी-फुल’मध्ये आजची. काही मॉडेलांत ‘एनर्जी’ऐवजी ‘चार्ज’ असं नाव असतं. आजची क्षमता मूळच्या निम्म्यावर आली असेल तर दुकानदाराचं बरोबर आहे, बॅटरी बदला. ऐंशी टक्क्यांवर असेल तर खिशात हात घालू नका.

आमच्या या पट्ट्यात बॅटरीचा मोठा वैरी ऊन आहे. तापी खोऱ्यात मे महिन्यात पारा ४४ पर्यंत सहज जातो, पत्र्याखालची खोली त्याहून गरम. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं मानलं जातं, आणि शंभर टक्के भरलेली बॅटरी उष्णतेत सर्वांत लवकर थकते. म्हणजे दिवसभर चार्जरला लावून दुकानात ठेवलेला लॅपटॉप रोज थोडा म्हातारा होत असतो. बऱ्याच मॉडेलांत ‘चार्ज-कंट्रोल-एंड-थ्रेशोल्ड’ ही फाइल असते, तीत ८० लिहिलं की चार्जिंग तिथेच थांबतं. २०२५ मध्ये आलेल्या ग्नोम ४८ मध्ये हीच सोय सेटिंगमधल्या एका बटणावर आली. काही यंत्रं रीस्टार्ट झाल्यावर हा आकडा विसरतात, तिथे टीएलपीला तो लक्षात ठेवायला सांगावं. लाईटचा भरवसा नाही म्हणून कायम शंभर हवेत, हा आग्रह मी समजू शकतो. पण उन्हाळ्याचे तीन महिने ८० वर राहा आणि लाईट जास्त जाणाऱ्या पावसाळी दिवसांत मर्यादा काढा, हा मधला मार्ग जास्त शहाणपणाचा.

लाईट गेलेली असताना बॅटरी संपत आली, तर काय होतं? डेस्कटॉपसाठी बॅटरीवर नजर ठेवणारं यूपॉवर साधारण २ टक्क्यांवर कृती करतं. जुनी बॅटरी इतका वेळ देत नाही. ती १२ टक्के दाखवता दाखवता एकदम बंद पडते आणि दिवसभराच्या केळीच्या मालाचा हिशोब जतन व्हायचा राहून जातो. यूपॉवरच्या सेटिंग फाइलमध्ये ‘पर्सेंटेज-ॲक्शन’ १५ करावं, आणि इशाऱ्याचे दोन आकडे त्याच्याही वर ठेवावेत. कृती म्हणून हायबरनेट निवडायची असेल तर दोन गोष्टी आधी पाहा. हायबरनेटमध्ये मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवलं जातं, म्हणून स्वॅपची, म्हणजे डिस्कवर त्यासाठी राखलेली, जागा पुरेशी मोठी हवी. मेमरी ८ जीबी असेल तर स्वॅपही तेवढा ठेवलेला बरा. आणि बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर बहुतेक लिनक्स आवृत्त्यांचं कर्नल हायबरनेट करूच देत नाही. यातलं काही जमत नसेल तर कृती म्हणून ‘पॉवर-ऑफ’ ठेवा आणि लिबरऑफिसची आपोआप जतन करण्याची मुदत पाच मिनिटांवर आणा. हे सगळं एकदा करून पाहायचं ते घरात लाईट असताना, फाइल जतन करून, चार्जर हाताने काढून.